दारात सोयरं नसते

समोर कोण उभं आहे हे न पाहताच मावशी हात पुढे करायच्या. डावा तळवा उघडा, पावतीसाठी. उजव्या हातात पावतीला भोक पाडायचा चिमटा. पावती तळव्यावर पडेपर्यंत तो चिमटा हवेतच कट कट चावत राहायचा. मग थैलीत कोपरापर्यंत हात जायचा. कोणी ओळखीचं हसून म्हणालं, "आवं, मी हाय ना," की मान वर न करता त्या म्हणायच्या, "दारात सोयरं नसते."

मोठ्या दुकानातून बाहेर पडताना तुम्हीही पावती दाखवत असाल. दारातला माणूस कागदाकडे पाहतो, थैलीकडे पाहिल्यासारखं करतो, आणि तुम्ही बाहेर. त्याचा चेहरा तुम्हाला सांगता येणार नाही. आमच्या मावशींचा चेहरा आदिलाबादमध्ये ज्यांनी पाहिला ते विसरले नसतील. तो पुन्हा पाहावा लागू नये म्हणून काही घरांनी साखर दुसरीकडून आणायला सुरुवात केली होती.

मी त्याच दारात बसायचे. आत येणाऱ्यांच्या थैल्या ठेवून घ्यायच्या, टोकन द्यायचं आणि बिल झालं की थैली परत द्यायची, एवढं माझं काम. बीएस्सी झाली होती, पुढचं ठरत नव्हतं. इंग्रजी शाळेतली मुलगी काउंटरवर बरी दिसेल असं दुकानाच्या शेटजींना वाटलं. मी कशी दिसत होते माहीत नाही, पण फार बोलत नव्हते, आणि थैल्यांना ते चालतं. येण्याचं दार माझ्या एका हाताला, जाण्याचं दुसऱ्या हाताला. जाण्याच्या दारात मावशी. दुपारी गर्दी नसली की दोघींमध्ये फक्त पंख्याचा आवाज असायचा.

पहिल्या संध्याकाळी घरी जायला निघाले तेव्हा त्यांनी माझीच पर्स धरली. आत एक इंग्रजी कादंबरी होती. मावशींनी ती उलटी केली आणि पानं खाली करून झटकली, जणू मधून शांपूची पुडी पडणार होती. काही पडलं नाही. एक बसचं तिकीट पडलं.

"इंग्रजीत काय काय लपते, कोणाले मालूम," त्या म्हणाल्या आणि पुस्तक परत दिलं. तिकीट ठेवून घेतलं. नंतर कळलं, दात कोरायला.

मावशींचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. तो वारला तेव्हा दुकान अजून साधं किराणा होतं. शेटजींनी मावशींना डाळ निवडायला ठेवलं आणि गोदामाच्या मागची एक खोली राहायला दिली. पुढे किराण्याचा बाजार झाला, काचेची दारं आली, माणसं आपल्या हातानं वस्तू उचलू लागली, आणि साहजिकच काही वस्तू पदराखाली जाऊ लागल्या. बायकांच्या थैलीत पुरुषानं हात घालणं बरं दिसत नाही म्हणून मावशींना दारात उभं केलं. डाळीतले खडे निवडणारी बाई माणसं निवडायला लागली, असं शेटजी कौतुकानं म्हणायचे. मावशींना ते फार आवडायचं.

खडे त्यांना सगळीकडेच दिसायचे.

बोथ गावचे एक म्हातारे एकदा आले होते. धोतर, खांद्यावर उपरणं, तहसिलीत काहीतरी काम घेऊन आलेले. जाता जाता नातीसाठी गोळ्या घ्यायला दुकानात शिरले. बाहेर पडताना मावशींना त्यांच्या बंडीचा खिसा फुगलेला दिसला. आत साबण.

"हे?"

"बसस्टँडवर घेतलं व बाई, सकाळी."

"पावती?"

"साबणाची कोण पावती घेते?"

मावशींनी साबण नाकाला लावला. "नवा हाय."

"नवाच तर घेतला."

"बाजूला उभे राहा."

ते भिंतीला लागून उभे राहिले. जाणारा प्रत्येक जण त्यांच्याकडे पाहत होता. एक मुलगा आईला विचारत होता, "यानं काय चोरलं?" बऱ्याच वेळानं साबणाच्या फळीवरचा माणूस आला आणि म्हणाला की हा साबण आपण विकतच नाही. मावशींनी तो म्हाताऱ्यांच्या हातात ठेवला. "मंग आधीच सांगाचं ना, इथला नोहे म्हणून." म्हाताऱ्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि ते निघून गेले. गोळ्यांची पुडी माझ्या काउंटरवर राहिली. ती विकत घेतलेली होती, तिच्या पावतीला भोकही पडलेलं होतं.

ओळखीच्यांशी त्या जास्त वाईट वागायच्या. त्यांच्या माहेरगावची एक बाई आली, लांबची भावजय लागत होती. तिनं लाडानं थैली पाठीमागे घेतली. मावशींनी ती ओढून काउंटरवर पालथी केली आणि लिलाव पुकारल्यासारखी एकेक वस्तू हातात धरून सांगू लागल्या. "एक तेल. एक पापड. एक चहापत्ती. हे काय व? पावडर. कोणासाठी, बुढ्यासाठी?" रांग हसली. भावजयही हसली, पण वस्तू परत भरताना तिनं पावडरचा डबा सगळ्यांच्या तळाशी घातला. "वन्सं, लोकात असं करतेत का व," एवढंच ती म्हणाली. मावशींचा हात तोवर पुढच्या थैलीत गेला होता.

कॉलेजच्या मुली मासिक पाळीचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून ओढणीखाली न्यायच्या. मावशी कागद सोडायला लावायच्या. "घेतानी लाज नाई वाटली, आता काऊन वाटून राह्यली?" मागे उभे असलेले पुरुष दुसरीकडे पाहायचे, म्हणजे नीट पाहायचे.

गाडीतून येणाऱ्यांची थैली मात्र त्या वरूनच थोपटायच्या, दुभत्या म्हशीची पाठ थोपटावी तशी. "या साहेब." दारात सोयरं नसते पण साहेब असते, असं बिलिंगवरची मुलं म्हणायची. मावशींना ऐकू जाणार नाही इतकं हळू.

खरे चोर त्यांनी पकडले का? पकडले. एका माणसाच्या डब्यात वरणाऐवजी तूप निघालं होतं. तो दिवस मावशींनी पुढे कितीतरी महिने जेवताना पुन्हा पुन्हा वाढला.

जेवायला आम्ही दोघी गोदामाच्या पायरीवर बसायचो. माझा डबा उघडला की आधी त्यांचं बोट आत फिरायचं. "दाखव." मग, "खा." स्वतःची ज्वारीची भाकर त्या न विचारता अर्धी मोडून माझ्या झाकणात टाकायच्या, वर अंबाडीची भाजी. अंबाडी मला आवडत नाही हे मी कधी सांगितलं नाही. ती भाजी घशाखाली उतरवत मी त्यांच्या लेकीविषयी ऐकायचे.

एकच लेक. नार्नूरला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सासू तिला तांदूळ निवडायलासुद्धा बसू देत नव्हती, शुभाचे असतील तर. हे सांगताना मावशींचा आवाज अगदी सपाट असायचा, थैलीतल्या वस्तू मोजतानाचा. मग एका दुपारी त्या पायरीवर बसल्या, भाकर मोडली, आणि मोडलेली तशीच हातात धरून राहिल्या.

"पोरीले दिवस गेले," म्हणाल्या.

त्या दिवसापासून मावशींचं सगळं लक्ष त्या मागच्या खोलीत गेलं. पहिलं बाळंतपण माहेरी. खोलीला स्वतःच्या हातानं चुना लावला. भावाकडून बाज आणली, तिचा सुंभ नव्यानं विणून घेतला. बाजेखाली ठेवायची शेगडी आणली. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली आणि तोंडाला लावून पाहिली, टोचतात का. एकदा दुकानातून लहानसं टोपडं घेतलं, रीतसर बिल करून, आणि दारात येऊन त्या पावतीला स्वतःच भोक पाडलं. माझ्याकडे पाहून हसल्या. मी त्यांना तसं हसताना तेव्हाच पाहिलं.

"पोरीनं कुठंबी बोलवलं माय म्हणून," त्यांनी खोली दाखवत मला सांगितलं, "तर मले चालते. पण 'आजी' मले इथं ऐकाचं हाय. ह्या बाजेवर बसून."

याच सुमारास जिल्हा फुटला. एका जिल्ह्याचे चार झाले. वांकिडीची माणसं झोपली आमच्या जिल्ह्यात आणि उठली दुसऱ्या. कचेऱ्यांवरच्या पाट्या रंगवणारे फार कामात होते. कोणाच्या शेताचा कागद कुठे, कोणाची पेन्शन कुठे, हे विचारत लोक दुकानाच्या सावलीत बसायचे. आणि शेटजींनी दुकान हैदराबादच्या एका कंपनीला विकलं. आम्ही सगळे दुकानाबरोबर गेलो, फळ्या आणि वजनकाट्यांसारखे.

कंपनीनं एक तरुण मॅनेजर पाठवला. त्याला मराठी येत नव्हतं. तेलुगू बोलायचा आणि आमच्याशी हैदराबादी हिंदी. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त सगळं सरळ रेषेत हवं असायचं, ट्रॉल्या, रांगा, माणसं. त्यानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं की दुकानाची बाहेर जायची दोन दारं आहेत, एक पुरे. मागचं दार बंद होणार. दोन्ही दारांवर थैल्या तपासणाऱ्या दोघींपैकी एक इथे राहील, दुसरीला मंचिर्यालला जावं लागेल. मंचिर्याल आता जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं आणि तिथे नवीन दुकान उघडत होतं. जी जाईल तिला गोदामाच्या खोलीचा हक्क राहणार नाही, कारण ती खोली दारावरच्या बाईची.

मागच्या दारावरची बाई तरुण होती. तेलुगू बोलणारी, हसतमुख, गिऱ्हाइकाला "नमस्कारम" म्हणून मग थैलीकडे पाहणारी. तिला खोली नको होती, पण मंचिर्यालही नको होतं.

मावशींनी त्या दुपारी डबा उघडला नाही. "पोरीले सातवा लागला," म्हणाल्या. "आता बाज घेऊन मी कुठं जाऊ?"

दोन दिवसांनी मॅनेजरनं त्यांना माझ्या काउंटरपाशी गाठलं. "मौसी, शिकायत आयी. तुम्हारे मराठी लोगां को तुम छोड़ दे रहे, बोलके."

तक्रार कोणी केली ते कधी कळलं नाही. ज्यांनी मावशींच्या हातून थैली पालथी करून घेतली होती त्यांच्यापैकीच कोणाची असेल, असं मला वाटतं. तुम्हीही असंच केलं असतं. खोटी तक्रार करायची तर नेमकी उलटी करावी, ती खोडता येत नाही. मावशी मोडक्या हिंदीत सांगत राहिल्या, "मय किसको छोडती नै साब, पूछो, किसकोच नै." मॅनेजर म्हणाला, ठीक आहे, रविवारी बाजाराच्या गर्दीत मी स्वतः दारात उभा राहून पाहतो. मग ठरवू.

तो रविवार लेकीच्या ओटीभरणाचा होता.

ओटीभरण मावशींच्या जावेकडे होतं, गावातच. मावशी जाणार नव्हत्या. कामाचं निमित्त होतं, पण काम नसतं तरी गेल्या नसत्या. ओटी भरायला सवाष्ण लागते. पांढऱ्या कपाळाची आई लांबच बरी, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. सकाळी दुकान उघडताना एवढंच म्हणाल्या, "आता हिरवी साडी नेसली असन." आणि चिमट्याला तेल सोडलं.

मॅनेजर दुपारपासून दारात होता. हाताची घडी, पाठ काचेला. मावशींनी त्या दुपारी जे केलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. बायकांच्या पिशव्यांतली निरोधची पाकिटं, म्हाताऱ्यांची तंबाखूची बटवी, एका मुलाच्या कंपासपेटीतलं खोडरबर, सगळं वर निघत होतं, पुकारलं जात होतं. त्यांचा आवाज बसला होता. मध्येच त्या मॅनेजरकडे पाहायच्या. तो फोन पाहत असायचा.

अशा वेळी लेक आली.

ती येण्याच्या दारातून आली. हिरवी साडी, हातभर हिरवा चुडा, कपाळावर मळवट भरल्यासारखं कुंकू, कारण प्रत्येक बाईनं वरून लावलेलं. सोबत तिची चुलत बहीण. भरलेली ओटी पदरात बांधून तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, आणि खाली पोट. दोन ओझी एकावर एक. माझ्याकडे थैली ठेवायची असते हे तिला माहीत होतं, तिनं हात वर करून दाखवले, काही नाही. ओटी म्हणजे थैली नव्हे. मी तिला आत सोडलं.

"मायले दाखवाले आली," ती मला म्हणाली. "घरी कोणी येऊ देलं नाई तिले. मंग मीच आली."

तिनं दुकानातल्या लोकांना वाटायला पेढ्यांचा एक डबा घेतला, त्याचं बिल केलं, आणि दाराच्या रांगेत उभी राहिली. मावशींनी तिला पाहिलं. मी मावशींकडे पाहत होते म्हणून सांगू शकते, चिमट्याचा आवाज थांबला होता.

लेकीची पाळी आली. तिनं पेढ्यांचा डबा पुढे केला, वर पावती. ती हसत होती. "घे व माय. तपास."

मॅनेजरनं मान वर केली. बोटानं ओटीकडे दाखवलं. "वो क्या है?"

मी सांगितलं. मला कसं सांगता आलं माहीत नाही, मी अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत सांगितलं की हा रिवाज आहे, तांदूळ आणि नारळ असतो, बाळासाठी असतो, ही घरून घेऊन आली आहे, आणि ही यांची मुलगी आहे. मॅनेजर ओशाळला. त्यानं हात हलवला. "अरे, ठीक है. जाने दो, जाने दो."

इथेच संपायला हवं होतं. तुम्ही रांगेत असता तर तुम्हालाही वाटलं असतं की संपलं. लेकीनं पाऊलही उचललं होतं.

"थांब," मावशी म्हणाल्या. "सोड ते."

"काय व माय."

"सोड म्हणलं. गाठ सोड."

लेक अजून हसतच होती. तिला ती थट्टा वाटत होती, आणि खरंच, दुसरं काय वाटणार. "साहेब जा म्हणते ना व."

"साहेब म्हणन. दारात सोयरं नसते."

चुलत बहीण म्हणाली, "काकू, ओटी हाय ते." मॅनेजर म्हणाला, "मौसी, छोड़ो." मावशी त्याच्याकडे पाहून हसल्या, ज्याची चाल ओळखली त्याच्याकडे पाहून हसावं तसं. मग त्यांनी लेकीचे हात ओटीवरून बाजूला केले आणि गाठ सोडली. घट्ट गाठ होती. सवाष्णींनी मुद्दाम घट्ट मारलेली. मावशींनी ती दातांनी सैल केली.

तांदूळ आधी पडले. हळदीकुंकवानं लालपिवळे झालेले तांदूळ, फरशीवर, काचेच्या दाराच्या खाचेत, रांगेतल्या चपलांवर. नारळ घरंगळत माझ्या काउंटरपर्यंत आला. मावशींनी उरलेलं हातात धरलं आणि पुकारलं. बसलेल्या आवाजात, पण नेहमीसारखं.

"एक खण. एक हळकुंड. खारका. सुपारी. नारळ. इथलं काई नाई."

पेढ्यांच्या पावतीला भोक पाडलं. "जा."

रांग आता हसत नव्हती. मागची एक म्हातारी दुसरीला म्हणाली, आणि ते हळू म्हणायची तिनं तसदी घेतली नाही, "पांढऱ्या कपाळाची, अन् लेकीच्या ओटीत हात घातला. दातानं सोडली व माय, दातानं."

लेकीनं पदराचं रिकामं टोक पाहिलं. ते पोटावरून खांद्यावर घेतलं. ती खाली वाकली नाही, तिला वाकताही आलं नसतं. चुलत बहीण तांदूळ गोळा करायला बसली तर तिला दंडाला धरून उठवलं. पेढ्यांचा डबा मावशींच्या स्टुलावर ठेवला आणि ती गेली. मावशींच्या पायाशी तांदूळ होते. त्या पुढच्या गिऱ्हाइकापुढे हात पसरून उभ्या होत्या, आणि तो माणूस त्यांच्या तळव्यावर पावती ठेवायचं विसरला होता.

झाडूवाली आली तेव्हा मावशी पटकन म्हणाल्या, "झाडू नको लावू. हातानं भर." पण तोवर बरेच तांदूळ चपलांना लागून बाहेर गेले होते.

संध्याकाळी पायरीवर त्या मला म्हणाल्या, "तो पाहून राह्यला होता मले. जाऊ दे म्हणे. म्हणजे मी जाऊ देते का ते पाहाले."

"तो खरंच म्हणाला होता, मावशी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तू लहान हायेस. साहेब लोक खरं बोलत नसतेत. पोरगी रागावली असन. दोन दिवस रागावन. खोली राह्यली तर येईन ना? खोलीच नसती राह्यली तर कुठं येणार होती?"

खोली राहिली. पुढच्या बैठकीत मॅनेजरनं सगळ्यांसमोर सांगितलं की दारावर मावशीच राहतील. ते सांगताना तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. त्या रविवारनंतर तो त्या दारातून जातही नव्हता, गोदामाकडून जायचा. मला वाटतं त्यानं त्यांना ठेवलं ते कौतुकानं नाही, भीतीनं. मागच्या दारावरची बाई मंचिर्यालला गेली. जाताना मावशींच्या पाया पडली, आणि मावशींनी तिची पिशवी तपासली.

लेक आली नाही. दोन दिवस झाले, आठवा संपला, नववा लागला. मावशी रोज सकाळी बाजेवरची धूळ झटकून यायच्या. शेवटी नार्नूरहून जावेच्या हाती निरोप आला. बाळंतपण इथंच करू, रिकामी ओटी घेऊन माहेरी येत नाहीत. निरोप लेकीचा होता की सासूचा, मावशींनी विचारलं नाही. पुढे मुलगी झाली, हेही जावेनंच दारात उभं राहून सांगितलं. बारशाचं बोलावणं तिनं सांगितलं नाही, नव्हतंच. सांगून ती निघाली तर मावशींनी हात पुढे केला. जाऊबाईंनी काहीच घेतलं नव्हतं. तरी त्यांनी पिशवी उघडून दाखवली.

तो नारळ बरेच दिवस माझ्या मागच्या फळीवर होता. टोकन नसलेली वस्तू मला कोणाला देता येत नव्हती, आणि मावशींनी ती मागितली नाही. आतलं पाणी आटलं. फळी पुसताना हलवला की खोबरं आत खुळखुळ वाजायचं. वाजलं की मावशी म्हणायच्या, "ठेव ते खाली."

त्यानंतर त्या मऊ झाल्या असं लिहायला मला आवडलं असतं. झाल्या नाहीत. थैलीत हात पूर्वीपेक्षा खोल जायचा. फरक एवढाच की आता कोणी "मी हाय ना" म्हणत नव्हतं. सगळे आधीच थैली उघडून उभे राहायचे.

मी आता हैदराबादला असते. आमच्या त्या दुकानाच्या दारात आता दोन खांब बसवले आहेत म्हणतात, काही लपवून नेलं की ते आपोआप ओरडतात. दारात बाई नाही. गोदामाची खोली पाडली. मावशी कुठे गेल्या, विचारलं तर तिघं तीन गावं सांगतात. मी नोकरी सोडायच्या थोडं आधी जे पाहिलं, तेच माझ्याकडे त्यांचं शेवटचं आहे.

बाजाराचाच दिवस होता. लेक आली, एकटी, कडेवर मूल. वर्षाचं होत आलेलं, डोक्याला तेल, डोळ्यांत काजळ. माझ्याकडे थैली ठेवली, टोकन घेतलं. आतून एक साबण आणि एक फणी घेऊन रांगेत उभी राहिली. मावशींनी तिला पाहिलं तेव्हा मध्ये अजून तीन माणसं होती. त्या तिन्ही थैल्या त्यांनी न पाहता जाऊ दिल्या. त्यांना थैल्या न पाहता जाऊ देताना मी पहिल्यांदा पाहत होते.

लेक पुढे आली. साबण दाखवला, फणी दाखवली. मग कोणी न सांगता तिनं पदर खांद्यावरून काढला, त्याचं टोक दोन बोटांत धरलं आणि मावशींसमोर झटकलं. त्यात काही नव्हतं.

"पाहून घ्या, बाई," ती म्हणाली.

बाई. आणि घ्या. आमच्याकडे आईला तुम्ही म्हणायची पद्धत नाही.

मावशींनी डावा हात पुढे केला होता. तो तसाच होता. पण पावती लेकीकडे नव्हती. कडेवरच्या पोरीनं ती कधीतरी ओढून घेतली होती आणि मुठीत धरली होती, लहान मुलं धरतात तशी, सगळा जीव बोटांत आणून. अर्धी ओली झाली होती.

"पावती," मावशी म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या.

लेक दाराकडे पाहत उभी राहिली. तिनं मुलीच्या हातातून कागद घेऊन दिला नाही. मागे रांग वाढत होती.

मावशींनी चिमटा स्टुलावर ठेवला. दोन्ही हात लुगड्याला पुसले. मग पोरीची मूठ धरली आणि बोटं उघडू लागल्या, आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. एक उघडेपर्यंत दुसरं परत मिटत होतं. पोरगी रडली नाही. ती मावशींच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती आणि अंगठा काही सोडत नव्हती, आणि मावशी घाई करत नव्हत्या.

कागद निघाला. त्यांनी त्याला भोक पाडलं, आणि तो परत त्या मुठीत दिला.

"जा," त्या म्हणाल्या.